आजचं चिंतन : अक्रोध, अपैशुन आणि कस्टमर केअर



गेल्या सोमवारी आपण गीतेच्या सोळाव्या अध्यायातला पहिला श्लोक पाहिला. दैवी संपत्तीची यादी तिथून सुरू होते. दुसरा श्लोक मंगळवारी यायला हवा होता. बऱ्याच जणांनी विचारलं, बरा आहेस ना? तब्येत ठणठणीत आहे. श्लोकच अडला होता. म्हणजे श्लोकाचा अर्थ कळला नाही असं नाही, कळला म्हणूनच अडला.

या एका श्लोकात अकरा गुण येतात. त्यातले तीन आज घेऊ. अक्रोध, म्हणजे राग न येणं. अपैशुन, म्हणजे दुसऱ्याचं उणं चव्हाट्यावर न आणणं. आणि अलोलुप्त्व, म्हणजे हावरेपणा नसणं. बाकीचे आठ उद्या-परवा. हे तीन निवडले, कारण गेल्या आठवड्यात हे तिन्ही माझ्याकडून मोडले. सगळं सांगतो.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही घर बदललं. जुन्या घरातलं इंटरनेट कनेक्शन रीतसर बंद केलं, राउटर परत दिला, पावती घेतली. राउटरची अनामत रक्कम परत येणार होती. आलं काय, तर पुढच्या महिन्याचं बिल. फोन केला. मराठीसाठी अमुक दाबा, बिलासाठी तमुक दाबा, मग वीस मिनिटं बासरी. शेवटी कोणीतरी बोललं, "सर, अठ्ठेचाळीस तासांत होऊन जाईल." झालं नाही. पुन्हा फोन, पुन्हा बासरी, पुन्हा पहिल्यापासून सगळी कथा. चौथ्या वेळी एक मुलगी बोलली. आवाजावरून फार तर बावीस-तेवीसची असेल. तिने आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग मला पुन्हा ग्राहक क्रमांक विचारला.

तिथे माझा तोल गेला. मी शिवी दिली नाही, पण शिवीपेक्षा वाईट बोललो. "तुम्हाला वाचता येतं का?" असं विचारलं. "तुमच्यासारख्यांना कामावर ठेवतं कोण?" असंही विचारलं. ती दोनदा "सॉरी सर" म्हणाली. तिसऱ्यांदा आवाज थोडा हलला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण माझ्या फोनमध्ये कॉल रेकॉर्ड झाला होता. मी तो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तिच्या नावासकट. वर लिहिलं, "ऐका, यांची सेवा!" दहा मिनिटांत हसण्याचे इमोजी आले. एकाने तिच्या उच्चारांची नक्कल करून पाठवली. मलाही हसू आलं.

रात्री जेवताना आईने विचारलं, "अरे, त्या पोरीचं नाव कशाला टाकलंस? तुझे पैसे तिने ठेवलेत का?"

मी म्हटलं, "आई, तुला कळत नाही, या कंपन्यांना असंच वठणीवर आणावं लागतं."

आई म्हणाली, "कंपनीला आण की मग. कंपनीचं नाव तर तू टाकलंच नाहीस."

ती खरं बोलत होती. कंपनीचं नाव टाकायचं मला सुचलंही नव्हतं. नाव टाकलं होतं ते फक्त तिचं.

आता श्लोकाकडे येऊ. ज्ञानेश्वर माउलींनी या एकेका शब्दावर किती ओव्या खर्च केल्या आहेत हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. अक्रोधाबद्दल सांगताना ते सापाच्या कातेची उपमा देतात. टाकलेली कात कोणी पायाने हलवली तरी ती फणा काढत नाही. फणा काढायला आत कोणी उरलेलंच नसतं. वाचताना मान डोलते. पण मग मनात प्रश्न येतो, आणि तुमच्याही येत असेल. समोरून अन्याय होतोय, आपले कष्टाचे पैसे कोणीतरी दाबून बसलाय, तेव्हा कातेसारखं पडून राहायचं का? अक्रोध म्हणजे गप्प बसणं का?

मला नाही तसं वाटत. ज्या अर्जुनाला हे सांगितलं जातंय, तो रणांगणावर उभा आहे. त्याला घरी जाऊन स्वस्थ बस असं भगवंतांनी सांगितलेलं नाही. त्याला करायचं काम आहेच, फक्त ते रागाच्या हाती सोपवायचं नाही.

माझ्या बाबतीत रागाने काय केलं ते बघा. ज्यांनी बिलिंगची यंत्रणा अशी बनवली की बंद केलेलं कनेक्शनही चालू दिसतं, ते माझ्या आवाक्यात नव्हते. फोनवरची मुलगी आवाक्यात होती. तिला फोन ठेवायची मुभा नाही, उलट बोलायची सोय नाही, आणि पडद्यावर जे दिसतं त्यापलीकडे तिच्या हातात काहीही नाही. राग उतारावरच्या पाण्यासारखा असतो, वर चढत नाही. वरच्यावर काढता येत नाही तो खालच्यावर निघतो. म्हणून रागाला न्याय समजायची चूक करू नये.

बरं, त्या रागाने काम झालं का? तेही नाही. काम झालं ते दुसऱ्या दिवशी, शांत डोक्याने. आपल्याकडे दूरसंचार सेवांच्या तक्रारीला दोन पायऱ्या आहेत. पहिली तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर मिळतो. तिथे दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. मी चार वेळा भांडलो, पण एकदाही डॉकेट नंबर मागितला नव्हता. तो घेतला, राउटरच्या पावतीचा फोटो जोडला, आठ ओळींचं अपील लिहिलं. काही दिवसांनी बिल रद्द झालं आणि अनामत रक्कमही आली. याशिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथेही नाही जमलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग आहे. हे सगळे रस्ते वरच्याकडे जाणारे आहेत. चालायला कंटाळा येतो, म्हणून आपण खाली ओरडतो.

पैसे आले त्या दिवशी खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या मुलीला कोणी ओळखलं असेल का, तिच्या साहेबांपर्यंत ते रेकॉर्डिंग गेलं असेल का, हेच डोक्यात.

इथे अपैशुन येतं. या गुणावर माउलींनी दिलेले दृष्टान्त मी पूर्वीही वाचले होते, पण अंगाला लागले नव्हते. चिखलात रुतलेली गाय दिसली तर ती दुभती की भाकड हे बघत बसायचं नाही, आधी बाहेर काढायची. रानात कोणा पापी माणसाने स्त्रीला विवस्त्र केलेलं असेल, तर सज्जन माणूस तिला वस्त्र नेसवल्याशिवाय तिच्याकडे पाहत नाही. आधी झाकायचं, मग पाहायचं. आणि पुढे ते सांगतात की कोणाच्या वर्मावर घाव घालू नये, दोषाच्या नावाने कोणाला हाक मारू नये.

मंडळी, मी नेमकं उलटं केलं. आधी उघडं केलं, मग सगळ्यांना बघायला बोलावलं.

प्रायव्हसी हा शब्द आला की आपण लगेच आपल्या प्रायव्हसीबद्दल बोलायला लागतो. माझा नंबर कोणाला मिळाला, मला कर्जाचे फोन का येतात. ते बोलायलाच हवं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं की दुकानदारांनी बिल देण्यासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये. म्हणजे काउंटरवर नंबर मागितला तर "नाही देणार" म्हणायला लाजायचं कारण नाही. पण हक्काची भाषा "माझं" पासून सुरू होते. अपैशुन "त्याचं" पासून सुरू होतं. माझं कोण उघडं करतंय हे मी जागरूकपणे बघतो. मी कोणाचं उघडं करतोय हे कोण बघणार?

आता सर्वात अवघड भाग. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. बासरी वाजवणाऱ्या, माणसापर्यंत पोहोचू न देणाऱ्या, उगाच नंबर मागणाऱ्या ज्या यंत्रणांवर मी चिडतो, त्या आकाशातून पडत नाहीत. माझ्यासारखेच लोक सकाळी डबा घेऊन ऑफिसला जातात आणि त्या बनवतात. तीन वर्षांपूर्वी एका अ‍ॅपमध्ये "सदस्यत्व रद्द करा" हे बटण चार पडदे आत ढकलण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. मी ते केलं. दोन दिवसांत केलं, आणि काम व्यवस्थित झालं म्हणून शाबासकीही घेतली. त्यावेळी मनात आलं नाही की कोणा म्हाताऱ्या काकांच्या खात्यातून दर महिन्याला पैसे जातील आणि बटण सापडणार नाही म्हणून ते फोन लावून बासरी ऐकत बसतील. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने अशा फसव्या रचनांची तेरा प्रकारांची यादी काढून त्यांना बंदी घातली. सदस्यत्वाचा सापळा त्या यादीत आहे. ती वाचताना मला चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं होतं.

आणि याच आठवड्यात, श्लोक अडलेला असताना, नवीन काम आलं. अ‍ॅप उघडताना वापरणाऱ्याच्या फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट्स वाचायची परवानगी मागायची. का? "पुढेमागे उपयोगी पडेल." कॉन्टॅक्ट्सची गंमत अशी की परवानगी देणारा एक असतो आणि माहिती जाते शंभरांची. माझ्या फोनमध्ये मावशीचा नंबर आहे, मुलाच्या डॉक्टरांचा आहे, दूधवाल्या दादांचा आहे. त्यांना कोणी विचारलेलं नाही. कर्ज देणाऱ्या काही अ‍ॅप्सनी याच यादीचा वापर करून लोकांच्या नातेवाइकांना फोन केले, बदनामी केली. त्यानंतर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाच्या अ‍ॅप्सना फोनमधली कॉन्टॅक्ट यादी वाचू नका असं बजावलं. आमचं अ‍ॅप कर्जाचं नाही. त्यामुळे तो नियम आम्हाला लागत नाही, असं मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं.

मी म्हटलं, "नियम लागत नाही हे खरं आहे. पण आपल्याला ही यादी लागते कशाला, हे कोणी सांगेल का?" आवाज जरा कापरा झाला माझा. नोकरी आहे, घराचा हप्ता आहे. मी शूर माणूस नाही. उत्तर आलं नाही. शेवटी ठरलं की आत्तापुरतं नको, पुढच्या तिमाहीत बघू. म्हणजे जिंकलो असं नाही. पण एकदा तरी वरच्या दिशेने बोललो, आणि न ओरडता बोललो.

आता तिसरा शब्द, अलोलुप्त्व. तो सरकारी पैशाकडे नेतो.

आमच्या नव्या घरासमोरचा फुटपाथ मार्चमध्ये उखडला. चांगले धड पेव्हर ब्लॉक काढून तसेच दुसरे बसवले. दरवर्षी अनेक ठिकाणी हे दिसतं. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, मंजूर निधी न वापरता राहिला तर हातचा जाईल ही भीती असते, म्हणून मार्चमध्ये कुदळी जोरात चालतात. ग्रुपवर चर्चा पेटली. "आपल्या टॅक्सचे पैसे!" मीही दोन मेसेज ठोकले.

त्याच शनिवारी नव्या घराच्या फर्निचरचा हिशोब झाला. सुतारकाम करून देणारे म्हणाले, "साहेब, बिल पाहिजे की नको? बिल घेतलं तर जीएसटी लागेल." मी म्हटलं, "राहू द्या बिल." एका सेकंदात म्हटलं, विचारही करावा लागला नाही.

मंडळी, तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी फार कडक शब्द वापरलाय. सर्वांच्या यज्ञातून मिळालेलं घेतो आणि परत काही देत नाही, तो चोर. हा शब्द आपण नेहमी टेंडर काढणाऱ्यांना लावतो. त्यांना लागतो तिथे लावायलाच हवा. पण तो फुटपाथवरून चालून बिल न घेणाऱ्यालाही लागतो. रस्ता मला हवा, दिवा मला हवा, आणि वाटा मात्र नको. हावरेपणा तोच आहे, रक्कम लहान आहे इतकंच. माझ्या हातात टेंडर नाही म्हणून मी सज्जन असेन तर त्यात माझं कर्तृत्व काय?

अहिल्याबाई होळकरांच्या राज्यात दोन हिशोब वेगळे होते, दौलतीचा आणि खासगीचा. देशभरातली देवळं आणि घाट त्यांनी मुख्यतः खासगीतून बांधले. देवाचं काम होतं, कोणी हरकत घेतली नसती, तरी रयतेच्या पैशाला आणि स्वतःच्या पैशाला एकमेकांत मिसळू दिलं नाही. अलोलुप्त्व मला तिथे दिसतं. आपलं काय आणि सगळ्यांचं काय, ही रेघ कोणी बघत नसतानाही पुसू न देणं.

म्हणून दोन गोष्टी केल्या. फर्निचरवाल्यांना फोन करून बिल मागितलं. कर भरला, रक्कम बऱ्यापैकी होती, पोटात गोळा आला. आणि मग फुटपाथबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. २००५ चा कायदा आहे, महाराष्ट्रात तर त्याआधी २००२ पासून स्वतःचा कायदा होता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेची नोंद आणि देयक, एवढ्याच तीन कागदांच्या प्रती मागितल्या. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. अजून आलेलं नाही, दिवस शिल्लक आहेत. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वाचला, वर पाहिलं आणि विचारलं, "काही वाद आहे का?" मी म्हटलं, "नाही ताई, फक्त बघायचंय." एक वर्षापूर्वीचा मी असतो तर त्यांनाच दोन शब्द सुनावले असते. फुटपाथ त्यांनी उखडलेला नाही.

तर अक्रोध म्हणजे गप्प बसणं का? आठवडाभर या प्रश्नाशी झटल्यावर मला एवढं उमगलंय. राग आला की त्याला तीन प्रश्न विचारायचे. ज्याच्यावर निघतोयस त्याच्या हातात हे होतं का? जे बोलतोयस त्यात कोणाचं उणं विनाकारण उघडं पडतंय का? आणि ज्यावर चिडतोयस तेच मी दुसऱ्या कुठल्या टेबलावर बसून करतोय का? या तिन्हीतून जे उरतं ते कागदावर लिहायचं, सही करायची, आणि योग्य माणसाकडे द्यायचं. तेव्हा त्यात जळजळ फार उरलेली नसते, पण बळ असतं. दरवेळी जमेल असं मुळीच नाही. कातेपर्यंत पोहोचायला मला अजून कितीतरी जन्म लागतील, आज मी आत फणा असलेलाच आहे. निदान फणा कुठे वळतोय हे तरी बघायला शिकतोय.

रेकॉर्डिंग मी ग्रुपवरून काढलं. सगळ्यांसाठी डिलीट केलं. पण ज्यांनी पुढे पाठवलं होतं त्यांच्याकडून ते कुठे गेलं, ते मला परत आणता येत नाही. माझं रोजचं काम हेच असल्यामुळे मला हे इतरांपेक्षा जास्त नीट कळतं. गेलेली माहिती परत येत नाही. ग्रुपवर लिहिलं, "ते टाकणं माझी चूक होती, कृपया कोणाकडे असेल तर काढून टाका." एकाने अंगठा दाखवला. एकाने लिहिलं, "एवढं काय त्यात?"

कंपनीलाही मेल लिहिला की त्या दिवशी तुमच्या प्रतिनिधीने संयमाने बोलायचा प्रयत्न केला, उद्धटपणा माझ्याकडून झाला, तिच्यावर कसलाही ठपका ठेवू नये. यंत्राने पाठवलेलं उत्तर आलं, "तुमचा अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." कोणी वाचलं का, माहीत नाही. तिच्यापर्यंत पोहोचलं का, तेही माहीत नाही. त्या "सॉरी सर" चं ओझं माझ्याकडेच राहणार, आणि ते राहावं.

आजचा अभ्यास छोटाच आहे. आज ज्या कोणाशी फोनवर, काउंटरवर किंवा खिडकीवर काम पडेल, त्याला आधी नमस्कार म्हणा, मग तक्रार सांगा. तक्रार सोडू नका. आणि मोबाइलवरचा एखादा फोटो किंवा रेकॉर्डिंग पुढे पाठवण्याआधी एकदा थांबून बघा, त्यात कोण उघडं पडतंय.

माउली, आम्हाला बोलायचं बळ दे, आणि बोलताना कोणाला झाकायचं याची शुद्ध दे.

उद्या मार्दव. राम कृष्ण हरी.